पॉलिश पेपरची पट्टी

"बॅटरी उतरलीय," सुयोग म्हणाला.

"बॅटरीच असणार," भोकरे सर म्हणाले.

प्रयोगशाळेच्या फरशीवर खडूनं सरळ रेघ मारली होती. रेघेवर रोबो सोडला की तो चार-पाच फूट शहाण्यासारखा जायचा, मग डावीकडं वळायचा आणि कपाटावर जाऊन आपटायचा. त्या कपाटाला टेकूनच मी आणि कावेरी बसलो होतो. पुढ्यात चार्ट पेपर, हातात कात्र्या. 'आमचा संघ' अशी अक्षरं कापायचं काम आमच्याकडं होतं. रोबो आपटला की आतल्या परीक्षानळ्या खुळखुळायच्या आणि तिघं पोरं एकदम ओरडायची.

"सर, डावं चाक बघा," मी म्हटलं.

कुणी बघितलं नाही.

"सर, मोटार फिरतीय पण चाक मागं राहतंय. आत भोक मोठं झालंय त्याचं."

सर वळले. रोबोकडं नाही, माझ्या चार्टकडं. "प्रणिता, तुझा 'घ' वाकडा झालाय. आधी तो सरळ कर, मग रोबो सरळ करू."

पोरं फिदीफिदी हसली. मी कात्री आपटली. कावेरीनं माझा गुडघा दाबला. तिला माहीत होतं, कात्रीनंतर माझ्या तोंडातनं काय येतं ते.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी नववीत होते. आता शाळा नाही, मी इचलकरंजीतच एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळते. परवा शाळेची पाण्याची मोटार जळाली म्हणून इनामदार मॅडम दुकानात आल्या. नवीन आहेत, मागचं काही ठाऊक नाही त्यांना. माझे हात बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या रोबोच्या संघात यंदा सात मुली आल्यात. येऊन चार सल्ले देशील त्यांना?"

सल्ले माझ्याकडं नाहीत. मला कुणी सल्ला दिला तर माझं डोकं फिरतं. घडलं ते सांगते. तुम्ही सात जणी त्यातनं काय घ्यायचं ते घ्या.

आमच्या वेळी संघात पाच जण होते, आणि पाचात दोन मुली पाहिजेत असा स्पर्धेचाच नियम होता. म्हणून आम्ही दोघी. कावेरी बिरनाळेचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सरांनी तिला घेतलं. दुसरी कोण पाहिजे म्हटल्यावर तिनं माझं नाव सांगितलं. वर्गात दुसऱ्या कुणी माझं नाव कशालाच सांगितलं नसतं.

कामं ठरलेली होती. सुयोग मगदूम रोबो चालवणार, कारण तो कप्तान. बाकीची दोन पोरं, तन्मय आणि आणखी एक, त्याला स्क्रू, पाना देणार. आम्ही चार्ट, आम्ही झाडलोट, आणि आम्हीच कामाची वही लिहायची. रोज काय केलं, कुणी केलं, सगळं त्या वहीत. परीक्षक ती वही बघतात म्हणे. म्हणून अक्षर चांगलं पाहिजे. कावेरीकडं मोठे चार्ट होते, म्हणून वही माझ्या गळ्यात.

मला वही नको होती. मला तो रोबो पाहिजे होता. त्याच्या पोटात हात घालायचा होता. घरी माझ्या हातात पाने-पक्कड लहानपणापासनं. माझे बाबा मागाचे जॉबर. माग बिघडला की कारखान्यातनं त्यांना बोलावणं येतं. मी सुट्टीत बरोबर जायची. बाबांची एक रीत आहे. मागाशेजारी उभे राहतात, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकतात, आणि मग मागवाल्याला म्हणतात, "जा, चहा सांगून ये." तो चहा सांगून येईपर्यंत माग सुरू झालेला असतो.

एकदा एकानं विचारलंच, "काय केलासा हो, असलकर?"

"काय नाही. हात फिरवला."

परत येताना मी म्हटलं, "बाबा, ढिल्या जागी पॅकिंग मारलं म्हणून सांगायचं की त्याला."

"खुळी हाईस काय? सांगितलं की उद्या तोच मारंल. मग मला कोण बोलावतंय?"

त्या दिवशी चार्ट कापताना मला हेच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी झाडायला म्हणून शाळा भरायच्या अर्धा तास आधी गेलो. कावेरीला दाराशी उभी केली.

"काय करालीस, पणे?"

"तू बाहेर बघ."

डाव्या चाकाचा स्क्रू काढला, चाक ओढलं. मला वाटलं तेच. प्लास्टिकचं भोक झिजून गोल झालं होतं. मोटारीची दांडी आत नुसती फिरत होती. बाबांच्या पिशवीतनं मी पॉलिश पेपर आणला होता, लाकूड-लोखंड घासायचा तो. नखाएवढी रुंद पट्टी कापली, दांडीला गुंडाळली आणि वरनं चाक दाबून बसवलं. पॉलिश पेपरचे दाणे दोन्हीकडनं पकडतात. रेघेवर सोडला. गेला की सरळ! भिंतीपर्यंत!

कावेरी टाळी वाजवणार होती, मी तिचा हात धरला.

"कुणाला सांगायचं नाही."

"का गं? सरांना दाखव की. तुला देतील ना हातात."

"सांगितलं की पट्टी सुयोग लावणार आणि मी परत 'घ' कापणार. दहा-बारा मिनिटं चालला की दाणे झिजतात, पट्टी बदलायला लागते. माझ्याशिवाय चालणारच नाही तो. कळलं? शप्पथ घे."

तिनं घेतली. पण मनापासनं नाही. तोंड वाकडं करून.

दुपारी सुयोगनं नवी बॅटरी घातली, रोबो रेघेवर सोडला, तो सरळ गेला. पोरांनी सुयोगला खांद्यावर घेतलं. सर खुश. "प्रणिता, वही घे, लिही. आज बॅटरी बदलल्यामुळे रोबो सरळ चालू लागला. कंस कर. सुयोग मगदूम."

कावेरीनं बाकाखालनं माझ्या पायावर पाय दिला. सांग, सांग, सांग.

मी लिहिलं. कंस केला. सुयोग मगदूम. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. ह्यांना वाटतंय बॅटरी, आणि सगळी चावी माझ्या कंपासपेटीत. तीन आठवडे रोज सकाळी मी पट्टी बदलली आणि रोज दुपारी सुयोग कसा भारी चालवतो त्याची तारीफ ऐकली.

स्पर्धा सांगलीला होती, एका इंजिनिअरिंग कॉलेजात, रविवारी. मोठा हॉल, मधी लाकडी चौकट ठोकून मैदान केलेलं आणि वर गॅलरी. रोबोनं सहा चेंडू ढकलत नेऊन आडव्या टोपलीत टाकायचे, तीन मिनिटांत. चौकटीपाशी सरांबरोबर संघातले तिघंच जायचे. गळ्यात कार्ड असेल तेच. बाकीचे गॅलरीत.

सरांच्या हातात तीन कार्डं होती. एक सुयोगला, एक तन्मयला. तिसरं धरून ते आमच्याकडं बघायला लागले. "एक मुलगी आत पाहिजे. फोटोत बरं दिसतं."

मी हात पुढं केलाच होता.

"सर, कावेरीला द्या," सुयोग म्हणाला. "असलकर भांडती सर. परवा तिनं तन्मयला फूटपट्टीनं मारलंय."

"त्यानं माझी ओढणी रोबोला बांधलेली!"

"बघा. सुरू झाली."

सरांनी कार्ड कावेरीच्या गळ्यात घातलं. "तू फक्त रोबो उचलून आणायचा आणि ठेवायचा. हात लावायचा नाही मधी."

मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला कावेरीचा राग आला. तिनं काय केलं होतं? काही नाही. कार्डाची दोरी तिच्या केसांत अडकली होती आणि ती सोडवत होती, एवढंच. तरी आला.

सकाळच्या फेरीआधी मी जिन्याखाली पट्टी बदलून दिली होती. रोबो झकास गेला. सहापैकी सहा. आम्ही दुसरे आलो, आणि पहिल्या चारात म्हणजे दुपारची शेवटची फेरी. मग सुयोगला चेव आला. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेरच्या फरशीवर रोबो पळवत राहिला, दुसऱ्या शाळेच्या पोरांना दाखवायला. मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटं. नऊ. चौदा. पट्टीचा भुगा झाला असणार.

अडीचला फेरी. सव्वादोनला कावेरी पळत गॅलरीच्या जिन्यात आली. धापा टाकत होती.

"पणे, पट्टी दे. मी बदलते. सुयोग पाणी प्यायला गेलाय."

कंपासपेटी माझ्या मांडीवर होती. आत कापून ठेवलेल्या चार पट्ट्या.

"तुला नाही जमणार."

"तीन आठवडे बघतीय मी. जमंल. दे लवकर."

"नाही."

"का?"

"वाकडा जाऊ दे एकदा. मग ते मला खाली बोलावतील. सरांनी स्वतः म्हणायला पाहिजे, प्रणिता, बघ जरा."

कावेरीच्या कपाळावर घाम होता. "आणि नाही बोलावलं तर?"

"बोलावतील. दुसरं कोण आहे त्यांच्याकडं?"

खालनं तन्मयची हाक आली, "ए बिरनाळे, रोबो उचल की!" ती गेली. कार्ड तिच्या पाठीवर आलं होतं, ते तिनं सरळ पण केलं नाही.

शिट्टी वाजली. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला रोबो डावीकडं कलला. सुयोगनं ओढून परत आणला. परत कलला. मग थेट जाऊन त्यानं टोपलीशेजारीच चौकटीला धडक दिली आणि जमलेले दोन चेंडू टोपलीतनं बाहेर उडाले. गॅलरी हसली.

एक मिनिटाची थांबायची सवलत असते. सरांनी हात वर करून ती मागितली.

मी उभी राहिले. पट्टी मुठीत होती. आता बोलावतील, आता बोलावतील. पायऱ्या मोजल्या होत्या मी, एकोणीस. पळत गेले तर पंधरा सेकंदात खाली, चाक काढायला वीस, बसवायला दहा.

"काय केलीस तू?" सुयोग कावेरीवर ओरडला. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "आणताना पाडलीस काय?"

"नाही."

"मग आत्ता कसा बिघडला? बॅटरी फुल आहे! सर, हिनं पाडला असणार. मघाशी जिन्याकडं पळत गेली होती ही."

"कावेरी, पाडला का?"

तिनं वर बघितलं. सरांकडं नाही, गॅलरीत, माझ्याकडं. आणि हात पुढं केला. तळवा उघडा. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसेल. मला कळलं. फेक, एवढंच म्हणत होती ती. कठड्यापासनं ती फार तर दहा फूट खाली होती.

मी सरांकडं बघत होते. सरांनी वर मान केलीच नाही. त्यांनी सुयोगला बॅटरीच्या तारा हलवायला लावल्या.

मी मूठ उघडली नाही.

मिनिट संपलं. आम्ही चौथे आलो. चारात चौथे.

संध्याकाळी आम्ही जीपनं परत निघालो. मग सर पुढच्या सीटवरनं म्हणाले, "कावेरी, मी रागावणार नाही. पडला असेल तर पडला म्हण. चूक मान्य केली की माणूस मोठं होतं."

"पाडला नाही, सर."

"मग काय झालं?"

ती माझ्या शेजारी बसली होती, खांद्याला खांदा लागत होता. मला वाटलं, आता सांगते ही. आत्ता सांगणार. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून ताठ बसले.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

सुयोग खिडकीकडं तोंड करून पुटपुटला, "म्हणून पोरींच्या हातात द्यायचा नाही रोबो."

एरवी मी त्याचा शर्ट धरला असता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सोमवारी शाळेत ते पसरलं. कावेरी डबा घेऊन निघाली की पोरं म्हणायची, "सांभाळ, पडंल!" दप्तर उचललं की, "सांभाळ, पडंल!" मंगळवारी प्रार्थनेच्या वेळी तिला समई आणायला सांगितली तेव्हा अख्ख्या रांगेतनं तेच आलं. शिक्षकपण हसले. ती समई ठेवून जागेवर गेली. बुधवारी सरांनी पुढच्या वर्षीच्या संघाची नावं फळ्यावर लिहिली. तिचं नव्हतं. माझं होतं. नियमाला दोन पोरी पाहिजेत, म्हणून तिच्या जागी दुसरीच कुणी. गुरुवारी ती आलीच नाही.

शुक्रवारी मी शिक्षकांच्या खोलीत गेले. सुयोग तिथंच होता, सरांच्या टेबलाशी वह्या मोजत.

"सर, कावेरीनं पाडला नव्हता. चाकाचं भोक झिजलंय. मी त्यात रोज पॉलिश पेपरची पट्टी घालायची. ती झिजली म्हणून डावीकडं गेला."

सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "पॉलिश पेपर?"

"हो सर."

"रोबोला?"

सुयोग हसला. सर पण हसले, पण चांगलं हसले, मायेनं. मला तेच सहन झालं नाही. "मैत्रिणीसाठी आलीस, बरं वाटलं. पण तिच्यासाठी खोटं कशाला बोलतीस? तुला कुठलं जमतंय चाकाचं काम?"

"जमतं सर! रोबो द्या, दाखवते आत्ता."

"रोबो खोलून पेटीत भरलाय. नवी चाकं मागवलीत, जुनी टाकून दिली." त्यांनी कामाची वही ओढली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हे बघ. बॅटरी बदलल्यामुळे रोबो सरळ चालू लागला. अक्षर कुणाचं आहे?"

मी बघितलं. कंस पण किती छान काढला होता मी.

"माझं."

"मग?"

मी पुढची पानं चाळली. तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, माझं नाव कुठंच नव्हतं. तेवढ्यात सुयोग म्हणाला, "उद्या म्हणंल, मीच चालवला पण."

वही मी त्याच्या तोंडावर मारली. सरांचा चहा टेबलभर झाला, गणिताच्या पेपरांवर पसरला. सर उभे राहिले आणि म्हणाले, बाबांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. मी बाबांना सांगितलं नाही. सोमवारी गेले नाही, मंगळवारी नाही. शाळा सोडायची असं काही मी ठरवलं नव्हतं. नुसतं जाणं राहिलं, ते राहिलंच.

पण त्या शुक्रवारी शाळेतनं मी सरळ कावेरीकडं गेले. तिची आई घरी परकर शिवते. कावेरी मशिनवर बसली होती, पायाशी निळ्या परकरांचा ढीग.

"आई नाही?"

"माल पोचवायला गेलीय."

तिनं बस म्हटलं नाही. मी उंबऱ्यावरच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, वही, चहा. सुयोगच्या नाकातनं रक्त आलं तेपण सांगितलं. वाटलं, हसंल. ती परकराची नाडी ओवत होती.

"तू का नाही बोललीस गं?" मीच चिडले. "शप्पथ घातली म्हणून? मोडायची ना! एवढी पोरं बोलत होती तुला, एकदा माझं नाव घ्यायचं!"

"माझं कुणी ऐकलं असतं?"

"मग नुसती गप्प बसलीस?"

"गप्प नव्हते. वाट बघत होते." तिनं नाडी ओढून घेतली, गाठ मारली. "जीपमध्ये बघत होते. सोमवारी बघत होते. समई घेऊन चालले होते तेव्हा तू तिसऱ्या रांगेत होतीस, हाताच्या अंतरावर. वाटलं, आता पणी एकेकाची गचांडी धरती. तू खाली बघत होतीस."

"आज बोलले की मी. सगळं बोलले."

"आज शुक्रवार आहे, पणे," ती म्हणाली.

मग तिनं पुढचा परकर घेतला, कापड सुईखाली सरकवलं आणि मशिन सुरू केलं. मी उंबऱ्यावर किती वेळ होते कुणास ठाऊक. दोन परकर शिवून झाले, तरी तिनं मान वर केली नाही.